लाखपटीचा किडा

एका गावात एक भोळा गडी राहायचा आणि लाऊडस्पीकरचे कर्णे बांधायचं काम करायचा. नाव मुकिंदा. वय पस्तीस. अंगानं आडदांड, मनानं लोणी, आणि सांगितलेल्या कामाला पक्का. एवढा पक्का, की सांगणाऱ्यालाच धास्ती वाटायची. एकदा कुणीतरी त्याला म्हणालं, दाराकडं जरा लक्ष ठेव. दुपारभर तो दाराकडं बघत बसला. खिडकीतून मांजर आत शिरलं, दूध पिऊन गेलं, मुकिंदानं तिकडं मानही वळवली नाही. त्याला दाराचं सांगितलं होतं.

तो इलाही मिस्त्रीच्या हाताखाली होता. मिस्त्रीचं एस.टी. थांब्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हुशार, हात सोन्याचा. एकच खोड होती. काम करता करता समोरच्याला सगळं समजावून सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. समोर कुणी नसलं तर तो शेळीला सांगायचा. शेळी उठून जायची. मुकिंदा मात्र मन लावून ऐकायचा, आणि ऐकलेलं विसरू नये म्हणून रुमालाच्या टोकाला गाठ मारायचा. मारलेली गाठ तो कधी विसरला नाही. ती कुठं सोडायची, एवढंच त्याला कधी कळलं नाही.

त्या वर्षी गावच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. रविवारी मोठा कार्यक्रम ठरला आणि त्यात अनसूयाबाई बोलणार, असं ठरलं. बाईंनी त्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं होतं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. पण मागल्या साली बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. शेजारी बसलेल्यालाही कान तोंडाजवळ न्यावा लागायचा. जुन्या माइकवर बाईंनी बोलून बघितलं, तर कर्ण्यातून नुसता खरखराट आला.

मुकिंदाचा जीव त्या कार्यक्रमात अडकला होता. चौथीच्या वर्गात तो पाच वर्षं होता आणि पाचही वर्षं बाईंनी त्याचा प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला होता. आता बाईंचं बोलणं गावानं शेवटपर्यंत ऐकावं, पार मैदानाच्या टोकाला चिंचेखाली बसणाऱ्या शेवटच्या माणसानं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. रोज सकाळी दुकानात आल्या आल्या तो विचारायचा, "मिस्त्री, बाईंचं पोचंल का?" मिस्त्री म्हणायचा, "तू मधी आला न्हाईस तर पोचंल."

सोमवारी मिस्त्रीनं तालुक्याहून एक चिप आणली. आठ पायांची, काळी, उडदाच्या डाळीएवढी. तळहातावर ठेवून तो मुकिंदाला सांगू लागला. ह्या किड्याला ऑप-अँप म्हणतात. ह्याच्या आत एक दाणा टाकला की बाहेर लाख दाणे येतात. पुस्तकात तर लिहिलंय की लाख कसले, मोजताच येत नाहीत इतके. मुकिंदा आ वासून बघत राहिला. बाईंच्या एका कुजबुजीच्या लाख कुजबुजी. मग मिस्त्रीनं चिप फळीवर बसवली, चार तारांना कथलाचे डाग दिले, आणि चहाला जाताना बजावलं, "अर्धंच काम झालंय. ह्याला हात लावू नगंस."

मुकिंदानं हात लावला नाही. त्यानं चिमटा घेतला. चिमट्यानं बॅटरी जोडली, चिमट्यानं कर्णा जोडला, माइकपुढं वाकला आणि अगदी बाईंसारखं कुजबुजला, "आईची माया."

कर्णा "भॉं" करून ओरडला. पुढं माया नाही आणि आई नाही, नुसतं भॉं. थांब्यावरची म्हैस दावं तोडून पळाली, आणि एस.टी.ची वाट बघत बसलेले दोन म्हातारे एस.टी. आली म्हणून उठून उभे राहिले.

मिस्त्री चहा टाकून धावत आला. बॅटरी काढली, कपाळावर हात मारला आणि लगेच समजवायला बसला. खोडच ती. अरे बाबा, हा किडा आत्ता मोकाट आहे. मोकाट सोडला की तो लाखपट करायला धावतो. पण त्याच्या पाठीशी बॅटरी केवढी? बारा व्होल्टची. मग तो धावत जातो, बाराला डोकं आपटतो, आणि आवाजाचा चेंदामेंदा होतो. लाख पुस्तकात असतं. खऱ्या किड्याला पुरवठ्याच्या पलीकडं जाता येत नाही.

"ध्यानात ठेव," मिस्त्री म्हणाला. "बाराच्या वर जायचं न्हाई."

"न्हाई जायाचं," मुकिंदा म्हणाला आणि त्यानं रुमालाला गाठ मारली.

मंगळवारी शाळेच्या हेडमास्तरांनी त्याला आमंत्रणं करायला धाडलं. घरोघरी जायचं, उंबऱ्यावर हळदकुंकवाच्या अक्षता ठेवायच्या आणि रविवारी यायचं हं, असं म्हणायचं. साधं काम. मुकिंदानं वाडीच्या टोकापासून सुरुवात केली. घर झालं की बोट मोडायचा. दहा झाली, अकरा झाली, बारा झाली. तेरावं घर सरपंच भगवानरावांचं. सरपंच ओसरीवरच बसले होते. अक्षतांचं ताट हातात घेऊन मुकिंदा येताना दिसला तसे ते सावरून बसले, उपरणं नीट केलं. मुकिंदा उंबऱ्यापाशी आला, थांबला, सरपंचांकडं बघून हळहळला, आणि वळून चालू पडला.

"काय रं, आमाला न्हाई व्हय आमंत्रण?" सरपंचांनी मागून विचारलं.

"पुरवठा संपला," मुकिंदा म्हणाला.

गावात बोंब झाली. सरपंचांच्या दारापर्यंत येऊन अक्षता परत नेल्या, असा अपमान त्यांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. मांडवाची ताडपत्री सरपंचांची, सतरंज्या सरपंचांच्या. ते फुगून बसले तर कार्यक्रम उन्हात होणार, आणि उन्हात बाईंना दहा मिनिटंसुद्धा बसवणार नाही. मिस्त्रीनं मुकिंदाला समोर घेतलं.

अरे, बारा हे बॅटरीचं. घरांचं नव्हे. घरं मोजायची कशाला? किडा बघ कसा शहाणा. त्याला आत घ्यायचे दोन पाय असतात. दोन्ही पायांवर सारखंच आलं तर तो तोंड उघडत नाही. दोघांत केसाएवढा फरक दिसला, की तेवढा फरक लाखपट करून बोलतो. तू पण तसंच कर. बोलावलेलं घर कुठलं, न बोलावलेलं कुठलं, तेवढा फरक बघ आणि तिथं तोंड उघड.

"फरक दिसला की लाखपट बोलायचं," मुकिंदा म्हणाला. दुसरी गाठ.

बुधवारी तो सरपंचांकडं माफी मागायला गेला. सरपंच मनानं वाईट नव्हते, नुसते मानाचे भुकेले. त्यांनी अक्षता घेतल्या, बस म्हणाले, आतून चहा मागवला. घरात दोन सुना. थोरलीनं चहा आणला. धाकटीला वाटलं आपण मागं का राहायचं, म्हणून तिनंही आणला. मुकिंदा दोन्ही प्याला. सरपंचांनी रीतीप्रमाणं विचारलं, कसा झालाय चहा? अशा वेळी झकास म्हणायचं असतं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

मुकिंदा विचारात पडला. थोरलीच्या चहाला साखर चिमूटभर कमी होती. फरक होता. तो ओसरीवर उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा ओरडला, "थोरलीच्या चहात साखरेचा कण न्हाई. धाकटीच्या चहात पोतं हाय."

संध्याकाळपर्यंत सरपंचांच्या घरात वेगळ्या चुली मांडायची भाषा सुरू झाली. थोरली माहेरी निघाली. धाकटी म्हणाली, पोत्याचा हिशेब मला कशाला विचारता. सरपंचांनी दोन्हीकडं हात जोडले. मिस्त्री स्वतः गेला, मुकिंदाच्या डोक्याचं माप सगळ्यांना समजावून सांगितलं, तेव्हा कुठं चूल एकच राहिली. परत येताना वाटेत तो चिडून बोलत होता, पण बोलता बोलता पुन्हा चिपवरच आला.

अरे, एवढा बारीक फरक असा फाडकन मोठा करतात का? दम धरायचा. किड्यालासुद्धा घाई मानवत नाही. आवाज सावकाश, संथ येत असला तर तो लाखपट देतो. भराभर, बारीक किनरा आवाज आला की दमतो. लाखाचे दहा हजार होतात, दहा हजारांचे हजार, मग शंभर, आणि लईच घाई केली तर एकास एकसुद्धा पडत नाही. हे पुस्तकात बारीक अक्षरांत असतं, म्हणून कुणी वाचत नाही.

"सावकाश तेवढं जास्त," मिस्त्री म्हणाला. "घाई केली की गेलं."

मुकिंदानं तिसरी गाठ मारली. तीही सावकाश मारली.

शनिवारी मांडव उभा राहिला. मिस्त्री स्वतः शिडीवर चढून कडुनिंबाच्या फांदीला कर्णा बांधत होता. कर्ण्याचं तोंड चिंचेकडं फिरवायला तो जरा वाकला आणि खालची शिडी सरकली. शिडी गेली एकीकडं, मिस्त्री फांदीला लोंबकळत राहिला. मुकिंदा वीस पावलांवर सतरंज्या झटकत होता.

"मुकिंदा, शिडी धर. लवकर."

मुकिंदानं सतरंजीची नीट घडी घातली. घडीवर घडी घातली. मग एक पाऊल टाकलं. थांबला. दुसरं टाकलं. मिस्त्रीचे हात सुटायला लागले. तो वरून काय काय ओरडला ते लहान मुलांच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही. मुकिंदा त्याला धीर देत होता, की येतोय, लाखपट येतोय. तो सातव्या पावलावर असताना मिस्त्री खाली आला. नशीब, की खाली शेणखताचा ढीग होता. जिवावरचं पायावर गेलं. घोटा सुजून भोपळा झाला आणि हाडवैद्यानं पाट्या बांधून मिस्त्रीला खाटेवर निजवलं.

आता प्रश्न उभा राहिला. रविवारी माइकपाशी कोण बसणार? गावात दुसऱ्या कुणाला यंत्रातलं ओ का ठो कळत नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, बाईंचं बोलणं रद्द करू, फूल देऊ आणि शाल घालू. हे ऐकल्यावर मुकिंदा मिस्त्रीच्या खाटेशी येऊन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. तो म्हणाला की सगळं माझ्यामुळं झालं. बाईंचं राहिलं तर मी पुन्हा कर्ण्याला शिवणार नाही. मिस्त्रीचा राग दुखण्यापेक्षा मोठा होता, पण समोरचं रडणं खरं होतं. त्यानं खाटेवरच चिपची फळी मागवली, डाग द्यायचा कैया तापवायला लावला आणि उशीला टेकून उरलेलं अर्धं काम पुरं केलं. हात चालू झाला तसं तोंडही चालू झालं.

"हे बघ. पंगतीत वाढपी असतो. त्याला कुणी पुरं म्हणालंच न्हाई तर तो वाढतच जाईल का न्हाई?"

"जाईल."

"पानावर हात आडवा आला की थांबतो. ही तार म्हंजी तो आडवा हात. जे भाईर जातं, त्यातलं थोडं उलटं करून परत आत द्यायचं. मग किडा मोकाट सुटत न्हाई."

"थोडं म्हंजी किती?"

"शंभरात एक."

मुकिंदानं विचारलं, मग लाखाचं काय झालं? मिस्त्रीला हा प्रश्न फार आवडला. तो म्हणाला की तीच तर गंमत आहे. लाख कुणाला हवेत? एक किडा लाखाचा निघतो, दुसरा दोन लाखांचा. सकाळी एक देतो, ऊन तापलं की दुसरंच देतो. त्याच्या भरवशावर बसलं तर पोट भरायचं नाही. पण उलटं थोडं परत आत दिलं, की किडा लाखाचा असो नाहीतर दोन लाखांचा, बाहेर चोख शंभरपटच येतं. ना कमी ना जास्त. लाख असतात ते आपल्याला वापरायला नसतात, ह्या शंभराला धरून ठेवायला असतात. आणि बाईंना शंभर पुष्कळ झाले.

"एकच जप," मिस्त्री शेवटी म्हणाला. "बाई बोलाय लागल्या की हे परत आत देणं थांबता कामा नये. मधीच तुटलं की पुन्यांदा भॉं."

त्याच्या मनात होतं, की तारेचा डाग उखडू नये, कुणाचा पाय तारेत अडकू नये, तिकडं मुकिंदानं नजर ठेवावी.

"म्हंजी बाई बोलतील," मुकिंदा सावकाश म्हणाला, "त्यातलं थोडं उलटं करून परत आत."

"बरोब्बर."

"आन् थांबायचं न्हाई."

"न्हाई थांबायचं." मिस्त्रीचे डोळे भरून आले. बारा वर्षांत पहिल्यांदा आपलं सांगणं ह्याच्या डोक्यात जसंच्या तसं उतरलं, असं त्याला वाटलं. मुकिंदानं चौथी गाठ मारली आणि दातांनी ओढून घट्ट केली.

रविवारी मांडव भरला. चिंचेखालीसुद्धा जागा उरली नाही. फूल झालं, शाल झाली, सरपंचांचं लांबलचक भाषण झालं. मग बाई माइकपाशी आल्या. मुकिंदानं खाली यंत्राशी बसायचं होतं, पण तो खुर्ची ओढून बाईंना चिकटून बसला. सगळ्यांना वाटलं, धरायला बसला असेल.

बाईंनी चष्मा लावला, कागद उघडला आणि कुजबुजल्या, "या गावानं मला खूप दिलं."

आणि ते पोचलं. स्वच्छ, शब्द न् शब्द, कुठं खरखर नाही. चिंचेखालचा म्हातारा सरळ होऊन बसला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वर्षभरात गावानं बाईंचा आवाज ऐकला नव्हता. दोन गल्ल्या पलीकडं खाटेवर मिस्त्रीला ऐकू गेलं आणि त्यानं अल्लाचे आभार मानले.

मुकिंदा माइकपाशी वाकला. "न्हाई दिलं," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मुकिंदानं सगळं ठीक आहे अशी मान डोलावली. बाई पुढं म्हणाल्या, "माझी सगळी मुलं गुणाची होती."

"न्हवती."

मागच्या रांगांत हशा पिकला. पुढच्या रांगेतले चाळिशीचे बाप्ये खाली बघायला लागले. मिस्त्री खाटेवर उठून बसला आणि त्याला सगळं कळलं. हाका मारून उपयोग नव्हता. कर्णा त्याच्याकडं नव्हता.

"सरपंचांनी शाळेला नवी खोली बांधून दिली," बाईंनी वाचलं. हे वाक्य हेडमास्तरांनी कागदात घातलं होतं.

"न्हाई दिली."

आता कुणी हसलं नाही. ती खोली तीन वर्षं नुसती पाटीवर होती आणि हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीतरी एक टाळी वाजवली. मग दुसरी. सरपंचांनी पाणी मागवलं. हेडमास्तर मुकिंदाला ओढायला उठले, तसा बाईंनी हात वर केला. वर्गात करायच्या तसा. हेडमास्तरही त्यांचेच विद्यार्थी, ते जागच्या जागी बसले.

बाई मुकिंदाकडं बघून बारीक हसल्या. हा कुणीतरी सांगितलेलं कसोशीनं पाळतोय, हे त्यांना कळलं होतं. पाच वर्षं त्यांनी त्याला उगाच नव्हतं शिकवलं. त्यांनी कागद मिटला.

"मी आता थकले," त्या कुजबुजल्या.

"न्हाई थकला," मुकिंदा म्हणाला, आणि सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. मुकिंदा गोंधळला. टाळ्यांचं मिस्त्रीनं काही सांगितलं नव्हतं.

टाळ्या थांबेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी मुकिंदाच्या पाठीवर हात ठेवला आणि माइकला ओठ टेकवून एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "तुम्ही सगळे याला हसता. पण मी बत्तीस वर्षं मुलं पाहिली. हा मुकिंदा मूर्ख नाही."

असं मुकिंदाबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि चारचौघांत तर नाहीच. हे एक वाक्य असंच राहू द्यावं, पुढं काही घालू नये, असं त्याला आतून फार फार वाटलं. पण मध्येच तुटलं तर पुन्हा भॉं होणार होतं, आणि बाईंचं सगळं बोलणं वाया जाणार होतं. बाईंपेक्षा त्याला दुसरं काही मोठं नव्हतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि माइकपाशी वाकला.

"हाय," तो म्हणाला.

ते चिंचेखाली पोचलं, मिस्त्रीच्या खाटेपर्यंत पोचलं, ओढ्यापलीकडच्या गावालाही ऐकू गेलं. चोख शंभरपट. आवाज कुठंही चिरडला नाही.